कादंबरीतली बहीण

गुरुशांतची कादंबरी लीलाताईंनी दोन दिवसांत वाचून काढली, आणि पुस्तक मिटून त्या उठल्या तेव्हा त्यांचं पक्कं ठरलं होतं की याला सोडायचं नाही.

गुरुशांत हत्तुरे हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. पुण्यात प्राध्यापक. पन्नाशी उलटल्यावर त्याने पहिली कादंबरी लिहिली आणि ती वर्षभरात गाजली. दोन पुरस्कार मिळाले, तिसरा जाहीर झाला होता. बहिणीला मात्र त्याने प्रत पाठवली नव्हती. फोनवर एकदा म्हणाला होता, तुला नाही आवडणार अक्का, तू नको वाचूस. लीलाताईंना त्याचं नवल वाटलं, कारण पुस्तकं वाचणं हेच तर त्यांचं काम. शाळेतली मराठीची नोकरी संपल्यापासून त्या सोलापुरातल्या एका दैनिकात दर रविवारी नव्या पुस्तकांवर लिहीत होत्या. शेवटी संपादक अवधूत यांनीच गळ घातली, ताई, सगळा जिल्हा हे पुस्तक वाचतोय आणि तुमच्याच सदरात त्याचं नाव नाही. मग त्यांनी नव्या पेठेतल्या दुकानातून ते विकत आणलं.

कादंबरी सोलापुरातल्याच एका गल्लीची होती. बाप मेल्यावर एक बाई कडक भाकरी करून विकते आणि दोन मुलं वाढवते. मुलगा मल्लू शाळेआधी आईबरोबर शंभर-शंभर भाकरी थापतो, बोटं भाजून घेतो, नववीतून शाळा सोडतो. थोरली बहीण वीणा हुशार आणि आपमतलबी. ती पुण्याला शिकायला जाते आणि तिकडचीच होते. आई अर्धांगाने अंथरुणाला खिळते तेव्हा मल्लू तीन महिने तिचं हगणंमुतणं काढतो. वीणाला तीन तारा जातात. परीक्षेचं कारण सांगून ती येत नाही. येते ती आई गेल्यावर, थेट तिसऱ्या दिवशी.

सगळं खरं होतं. फक्त माणसं उलटी घातली होती.

भाकरी थापल्या होत्या लीलाताईंनी. वळसंगहून पोटासाठी शहरात आलेल्या निंगव्वाची ती थोरली पोर. नववीतून शाळा सुटली ती तिची. पुढचं सगळं शिक्षण तिने आई गेल्यावर बाहेरून परीक्षा देऊन केलं. तीन महिने अव्वाची, म्हणजे आईची, कूस बदलली ती तिने. आणि पुण्याहून जो आला नाही, तो गुरुशांत होता.

त्यांना राग कशाचा आला, हे त्यांनी स्वतःला नीट विचारून पाहिलं. तो आला नाही याचा राग तेहतीस वर्षांत निवत आला होता. आपल्या सदरात तर त्या नेहमी दोषी माणसांची बाजू घ्यायच्या. त्याच वर्षी त्यांनी एका कादंबरीतल्या दारुड्या कंडक्टरवर लिहिलं होतं. दुसऱ्या एका पुस्तकात नवऱ्याला वाऱ्यावर सोडणारी बाई होती, तिच्यावरही लिहिलं होतं. वाचकांनी अशा माणसांना हाकलून देऊ नये, जरा बसवून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. हालअपेष्टांच्या पुस्तकांविषयी मात्र त्यांना अलीकडे संशय येऊ लागला होता. ज्याने सोसलं तो दोन ओळींत सांगून मोकळा होतो आणि ज्याने लांबून पाहिलं तो चार प्रकरणं लिहितो, असं त्यांनी एकदा लिहिलंही होतं. पण कुणी आपलेच कष्ट उचलून नेईल आणि जाताना स्वतःचा दोष आपल्या पदरात टाकून जाईल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. अव्वाच्या उशाशी बसलेली ती एकटी होती. तीन महिन्यांतली ती जागासुद्धा त्याने घेतली.

लेख त्यांनी लिहिला नाही. अवधूतना सांगितलं, थोडं थांबा.

थांबण्याला कारण होतं. शहरातल्या वाचक मंडळाने गुरुशांतचा सत्कार ठरवला होता, आणि मुलाखत कुणी घ्यायची यावर खल चालू होता. लीलाताईंनी आपणहून फोन केला. बहीणच भावाची मुलाखत घेणार म्हटल्यावर मंडळाला आनंद झाला. गुरुशांतने दोन दिवस उत्तर दिलं नाही, पण नाही म्हणायला त्याला कारण सापडेना. मग लीलाताई जुन्या गल्लीत गेल्या. शेजारीण सोनाबाई अजून तिथेच होती. अव्वानंतर भाकरीचं काम तिने धरलं, ते सत्तरी ओलांडली तरी सोडलं नव्हतं. आता तिच्या हाताखाली आठ बायका होत्या. लीलाताईंनी सगळ्यांना आग्रहाने बोलावलं आणि पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवायला लावल्या.

एप्रिलमधली संध्याकाळ. सभागृहात पंखे फिरत होते, पण अंगाची लाही होत होती. गुरुशांतने सोलापुरी चादरीची शाल घेतली, नारळ घेतला, आणि बहिणीसमोर खुर्चीत बसला. त्याची मुलगी श्रावणी पुण्याहून आली होती, ती पहिल्या रांगेत फोनवर सगळं टिपत होती.

लीलाताईंनी सुरुवात मऊ केली. लिहायला केव्हा लागलास, शाळेत कोण गुरुजी होते, असं. लोक सैल झाले, तोही सैल झाला. मग त्यांनी पुस्तक उघडून एक उतारा वाचला. पुण्यातल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली ओळ त्यात होती. तव्यावरची भाकरी पुनवेच्या चंद्रासारखी टम्म फुगायची आणि तिच्याबरोबर मल्लूच्या पोटातली भूक फुगायची.

"ही कडक भाकरीच ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आपल्या घरची."

"ती फुगायची?"

"फुगायची की," गुरुशांत हसून म्हणाला.

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. सोनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "कडक भाकर फुगली की वाया गेली, बाबा. फडक्यानं दाबून दाबून भाजावी लागती. फुगलेली कोन घेतंय?"

बायका हसल्या. त्यांचं बघून मागचे लोकही हसले. गुरुशांत म्हणाला की या गोष्टीला बरीच वर्षं झाली, तपशिलात चूक होऊ शकते. लीलाताईंनी मान डोलावली. तो लहान होता, विसरला असेल, असं त्या माइकवर म्हणाल्यासुद्धा. त्याला जरा हायसं वाटू दिलं. मग विचारलं, मल्लू सहा वर्षं भाकरी थापतो, तू किती दिवस थापल्यास?

त्याने पाण्याचा ग्लास उचलला. "ही कादंबरी आहे, अक्का. यात सगळं घडलं तसं नसतं."

काही जणांनी टाळ्या वाजवल्या. लीलाताई याच उत्तराची वाट बघत होत्या. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. गुरुशांतची पुण्यातली मुलाखत. त्यात तो म्हणाला होता, मल्लू म्हणजे मीच, माझ्या बोटांना अजून तो चटका आठवतो. त्यांनी ते वाक्य सावकाश वाचलं, शाळेत वाचायच्या तसं, शब्द न् शब्द सुटा.

श्रावणीने फोन खाली ठेवला. आता थांबावं असं लीलाताईंना क्षणभर वाटलं. भावाच्या कपाळावर घाम होता आणि लहानपणी मार बसायच्या आधी तो जसा खांदे आवळून घ्यायचा तसे त्याने आत्ता आवळले होते. ते त्यांनी पाहिलं, आणि पुढचा प्रश्न विचारला.

"अव्वा आजारी असताना तीन तारा गेल्या. त्या मी स्वतः टपाल कचेरीत जाऊन केल्या होत्या. कुणाला केल्या होत्या, एवढं सांग."

गुरुशांत माइक जवळ ओढून म्हणाला, "मला."

आभारप्रदर्शन कसंबसं उरकलं. आतल्या खोलीत श्रावणी रडत होती. तिने आत्याला विचारलं, हे घरी विचारता आलं नसतं का? लीलाताई म्हणाल्या, घरी विचारलं असतं तर ते घरातच राहिलं असतं. गुरुशांत शालीची घडी करत उभा होता. तो खाली बघूनच बोलला.

"ते तीन महिने मी इथं असायला हवं होतं. निदान लिहिताना तरी मला इथं राहायचं होतं."

"मग राहायचं होतंस. मला कशाला घालवलंस?"

सत्काराचं जेवण न जेवताच दोघं बापलेक पुण्याला निघून गेले.

रविवारी लेख आला. लीलाताईंनी त्यात एकही खोटं लिहिलं नाही. भाषा सुरेख आहे, आई जिवंत उतरली आहे, असं मोकळेपणाने म्हटलं. आणि शेवटच्या परिच्छेदात मल्लू कोण आणि वीणा कोण, ते नावानिशी सांगितलं. लेख पुण्या-मुंबईपर्यंत फिरला. तिसऱ्या पुरस्काराचा समारंभ आधी लांबला, मग त्याचं नावच निघेना. गुरुशांतने मुलाखती देणं बंद केलं. एकेक बातमी येई तशी लीलाताई ती दोनदा वाचत. महिनाभर त्यांना जेवण गोड लागलं. गल्लीत गेल्या की सोनाबाई म्हणायची, लई ब्येस केलं बाई, आणि त्यांना ते ऐकावंसं वाटायचं.

श्रावणीचे फोन तेवढे थांबले.

मग वैरागहून एक पत्र आलं. लिहिणारी उत्कर्षा नावाची परिचारिका. तिने लिहिलं होतं की तिला कादंबरीत सगळ्यांत जास्त वीणाच आवडली होती, कारण ती स्वतःही आईच्या शेवटच्या दिवसांत गेली नव्हती. पुढे होतं: "तुम्ही लिहिलंत की वीणा म्हणजे तुमचे बंधूच. ते कळल्यावर मी पुस्तक परत वाचलं. ताई, त्यांनी वीणाला किती झोडपलंय बघा. असं दुसऱ्या कुणाला कुणी मारत नाही."

लीलाताईंना पत्राचा रागच आला. पण वाचकाचं म्हणणं तपासल्याशिवाय टाकायचं नाही, ही त्यांची सवय. त्यांनी पुस्तक काढलं आणि दुपारभर फक्त वीणाची पानं वाचली, मनात वीणाच्या जागी गुरुशांत म्हणत. तो तार वाचून खिशात घालतो. मेसमध्ये जाऊन पोटभर जेवतो. मित्रांना सांगतो की आई बरी आहे. अव्वाच्या मातीनंतर घरात शिरताना पहिली नजर टाकतो ती आपल्या सामानाच्या पेटीवर. यातलं काहीच कादंबरीआधी लीलाताईंना ठाऊक नव्हतं. पुण्यातलं आणि त्याच्या मनातलं त्यांना कोण सांगणार? ते फक्त एकाच माणसाला ठाऊक असणार होतं. त्या इतकं कठोर काही त्याला बोलू शकल्या नसत्या. सभागृहात आपण त्याला गाठलं असं त्यांना वाटत होतं, पण तो तिथे आपल्या आधीच पोचला होता. या गोष्टीने त्यांना दया आली नाही. आपला घास कुणीतरी अर्धा खाऊन ठेवल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी गुरुशांतचाच फोन आला. दोघं सत्कारानंतर पहिल्यांदा बोलत होती. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतोय, तो म्हणाला, त्यात तो वीणाला काढून टाकणार होता. पूर्ण. तिच्याशिवायची प्रकरणं लिहून तयार होती.

"काढू नकोस," लीलाताई म्हणाल्या.

त्याने हळूच विचारलं, "माफ केलंस का, अक्का?"

"नाही. आता ती कोण ते लोकांना माहीत आहे. तिची एकही ओळ खोडायची नाही. जशी आहे तशी छाप आणि खाली तुझं नाव असू दे."

पलीकडे तो बरं म्हणाला. लीलाताईंनी फोन ठेवला, उत्कर्षाला उत्तर लिहायला कागद घेतला आणि पहिल्याच ओळीत कबूल केलं की तिचं वाचन बरोबर आहे.