हवेच्या नळीवरची पिशवी

तेलाच्या गिरणीत पंप चालवणाऱ्या बाईला सगळे झाकणवहिनी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काही उघडं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. घरी रिमोटला पिशवी, पंख्याला पिशवी, खुर्च्यांच्या पायांनाही पिशव्या. पिशवी फाडणाऱ्याची मात्र धडगत नसे. नवरा त्याच गिरणीत रंगारी. वीस वर्षांच्या संसारात तो बिचारा गाठी सोडवण्यात पटाईत झाला होता.

सकाळपासून तो मोठ्या टाकीच्या छताला रंग देत होता. छताच्या कडेला हवेची नळी होती. रंगाचे थेंब आत पडू नयेत म्हणून तिनं स्वतः वर चढून नळीच्या तोंडावर जाड पिशवी दुहेरी करून करकचून बांधली होती. दुपारी तेल भरून न्यायला टँकर आला, तिनं पंप सुरू केला. पिशवी साफ विसरली.

दहा मिनिटांत टाकी कण्हली. तिनं मान वर केली तर पत्र्याला खळगा पडलेला, आणि बघता बघता तो दाराएवढा झाला.

घरी तेलाच्या डब्याला ती नेहमी दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. इथलं दुसरं भोक तिनंच बुजवलं होतं. तेल बाहेर चाललं होतं आणि त्याच्या जागी हवा आत जात नव्हती. बाहेरची हवा, जी एरवी कुणाच्या खिजगणतीतही नसते, चारी बाजूंनी पत्रा दाबत होती. त्या हवेला आतून तेवढ्याच जोरानं रेटणारं काही उरलं नव्हतं.

तिनं पंप बंद केला. पण टँकर खालच्या अंगाला होता, तेल आपल्याच वजनानं उतरत राहिलं. ती व्हॉल्व्हच्या चाकाला लोंबकळली. एवढ्या लोखंडाला हवा काय करणार, असं ड्रायव्हर म्हणत होता. तिनं त्यालाच चाकाला जुंपलं. तेल थांबलं, तरी पत्रा कडकडतच होता.

नवरा वर नळीजवळ, कडेला उभा. शिडी पलीकडच्या टोकाला, आणि मधलं छत खोलगट झालेलं. पळत ये, असं ड्रायव्हर ओरडणार एवढ्यात तिनं त्याला गप्प केलं. त्या छतावर पाय पडला तर संपलंच.

"जागचा हलू नकोस. नळीवरची पिशवी काढ."

तो वाकला. आणि तो भला माणूस नखानं गाठ सोडवू लागला. सावकाश, नेहमीसारखी.

तिला स्वतःचीच चीड आली. ही सवय तिनंच लावली होती, रोज बोलून बोलून.

"फाड ती."

त्यानं खाली पाहिलं. त्याचा विश्वास बसेना.

"फाड म्हणते ना. मी काही बोलणार नाही."

त्यानं रंग खरवडायची पट्टी आत खुपसली. हवा शिट्टी मारत आत शिरली. बराच वेळ शिरत राहिली. मग धाडकन आवाज झाला, पत्रा पूर्ववत झाला, आणि तो नळीला मिठी मारून बसला.

खाली उतरला तो गाठ सोडवूनच. त्यानं खिशातून चौघडी केलेली पिशवी काढली.

"एकच चीर पाडलीय," तो म्हणाला. "चिकटपट्टी लावली तर चालेल."

तिनं पिशवी घेतली आणि तिथंच उभी राहून, हुंदके देत, तिच्या चिंध्या केल्या.