एका घरातले दोन चौकोन

"दोघांपैकी एकानं माइक बंद करा हो! कान फुटायची वेळ आली!" स्क्रीनवर ग्रंथपाल बाई कानांवर हात ठेवून ओरडत होत्या.

एकाच घरातून दोघं एका सभेत शिरले आणि दोघांचेही माइक चालू राहिले, की आवाज गोल फिरून किंचाळायला लागतो. आमचे हे बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, मी आत शिवणयंत्राला फोन टेकवून. मधलं दार उघडंच.

वाचनालयाचा हा जुन्या सिनेमांचा गट. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरून जमतात आणि ठरवून पाहिलेल्या सिनेमावर बोलतात. सभासद हे. मी आपली यांच्या कोपराशी, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसायची आणि हळूच सांगायची. कारण सिनेमा सुरू झाला, नावांच्या पाट्या संपल्या, की हे घोरायला लागतात. मग सभेत माझं ऐकून घ्यायचं, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "मला असं वाटतं..."

गेल्या खेपेला ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, तुमची नजर काही वेगळीच आहे हं." यांनी मान लववली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंतर मी विषय काढला, तर म्हणे, "अगं, घरातलंच ना सगळं? तू बोललीस काय, मी बोललो काय!"

मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते. डॉक्टर धावत येईपर्यंत मूल माझ्या हातात आलेलं असायचं आणि नातेवाईक आभार मानायचे डॉक्टरांचे. तिथं मूग गिळले, कारण पोटाचा प्रश्न होता. इथं कशाला गिळू? सभेत शिरायचं कसं, ते लेकीकडून शिकून घेतलं आणि आज शिरले.

"अगं, तू बंद कर तुझा!" हे बाहेरून ओरडले. ते अख्ख्या गटानं ऐकलं, दोनदोनदा.

"तुम्ही करा बंद. तुम्ही झोपला होतात!"

कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाईट वाटलं. चारचौघांत यांचा पाणउतारा मला करायचा नव्हता. पण माझं बोट काही माइककडे गेलं नाही. शेवटी यांच्या चौकोनात माइकवर तांबडी रेघ आली आणि किंचाळणं थांबलं.

"बोला काकू," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

सिनेमात नवरा घर सोडून जातो. बऱ्याच वर्षांनी आजारी होऊन परत येतो आणि बायको एक शब्दही न बोलता त्याला दार उघडते. आतापर्यंत जो तो तिच्या त्या मौनाचे गोडवे गात होता.

"मौनबिन काही नाही ते," मी म्हटलं. आवाज कापत होता. कापेना का. "दार उघडताना तिचे ओठ हलतात, नीट बघा. तिला बोलायचंय हो! सिनेमा काढणाऱ्यानं तिला वाक्यच दिलं नाही. आणि आपण तिच्या सोसण्याला टाळ्या वाजवतोय."

गटात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते चष्मा काढून पुढे झुकले.

"नाही काकू, साफ चूक. ती बोलली असती, तर सगळा शेवटच फिका पडला असता. मला हे अजिबात मान्य नाही."

यांच्या तोंडून माझं मत गेलं, की हेच प्राध्यापक मान डोलवायचे. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून मला चूक म्हणत होतं. डोळे भरून आले माझे. किती बरं वाटलं, काय सांगू! बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे दारात येऊन उभे राहिले आणि मला काही सांगायला यांनी तोंड उघडलं. मी हातानंच थांबवलं.

"पडला असता तर पडू दे की शेवट," मी प्राध्यापकांना म्हटलं. "आणि थांबा, माझं अजून संपलेलं नाही."