अठ्ठावन्न किलो

“सोड रे, तुझ्याच्यानं नाही व्हायचं,” आई बाथरूमच्या फरशीवरून म्हणाली. वर मलाच धीर दिला, “मी बसते इथंच. मला कुठं गाडी पकडायचीय?”

आदल्याच रविवारी मी शंभर किलोमीटर सायकल मारून आलो होतो. मित्रांना फोटो पाठवले होते, शाबासक्या घेतल्या होत्या. आणि अठ्ठावन्न किलोची आई मला वीतभर वर उचलता येईना. काखेत हात घातले, ओढलं, तर माझीच कंबर धरली. शेवटी वरच्या मजल्यावरच्या सुतारकाकांना हाका मारल्या. ते येईस्तोवर वीस मिनिटं आई ओल्या फरशीवर बसून होती. काकांसमोर तिला लाज वाटली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको कारखान्यात पहिल्या पाळीला, सहाला घर सोडते. आईजवळ बसणाऱ्या बाई दहाला येतात, मग मी पोस्टात पार्सलच्या खिडकीवर जातो. मधले चार तास घरात आई आणि मी. त्या दिवसापासून ते चार तास म्हणजे जिवाला घोर झाला. बाथरूममधला नळ थांबला की मी कान टवकारायचो. दाढी करता करता अर्ध्या फेसानं धावत जायचो. “आई?”

“अरे, आहे मी! आता टॉवेलसुद्धा तुला विचारून घेऊ का?”

ताईचा परगावाहून फोन आला. ती स्पष्ट बोलणारी. “पुन्हा पडली आणि तू एकटाच असलास तर? मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तिथं उचलायला माणसं असतात. सहा महिन्यांनी येते मी, तेव्हा ठरवू.”

आईनं ते ऐकलं. ती एकदाच म्हणाली, “मला तिकडे नको रे पाठवू.” त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. ती बोलली असती तर परवडलं असतं.

मी व्यायामशाळा गाठली. तिथल्या मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दम घोड्याचा, आणि हाताच्या काड्या!”

“सायकल बंद करतो,” मी म्हणालो.

“खबरदार! एकदा उचलायला ताकद लागते, दिवसातून दहादा उचलायला दम लागतो. तीन दिवस वजनं, दोन दिवस सायकल, आणि दोन दिवस गप्प पडून राहायचं. लांब सायकल मारली की दुसऱ्या दिवशी पायांना वजन नाही.”

मी शहाणा! पडून राहायला वेळ कुणाला होता? रोज वजनं, रोज सायकल. अति तिथं माती, ती पंधरा दिवसांत झाली. जिना उतरताना गुडघे लटपटायला लागले. पार्सलचं एक खोकं हातातून निसटून माझ्याच पायावर पडलं.

“आईला उचलायचंय,” मास्तरांनी विचारलं, “की तिच्या शेजारी खाट टाकायचीय?”

तेव्हापासून मुकाट्यानं ऐकू लागलो. पुढे तेच म्हणाले, “लोखंडाला धरायला दांडा असतो, माणसाला नसतो. वाळूची पिशवी करा.” बायकोनं जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली. “तुम्ही त्यांची वाळू केलीत, हे सासूबाईंना सांगू नका हं.”

आईला न कळायला काय झालं! मी दवाखान्याच्या कागदावरचा आकडा समोर धरून पिशवी भरत होतो. तीस किलोंपासून सुरुवात. दर रविवारी काट्यावर ठेवून थोडी वाळू वाढवायची, पाठ ताठ ठेवून, पिशवी छातीशी घेऊन उठायचं. आई दारातल्या खुर्चीत बसून बघायची.

“किती झाले आज माझे?”

“चाळीस.”

“म्हणजे पाय राहिले व्हायचे अजून.”

जेवताना मात्र ती दोन घासांत ‘पुरे’ म्हणायची. मी “खा गं” म्हणायचो आणि उठायचो. माझं चित्त सगळं त्या पिशवीत. पंचेचाळीसवर तर तीन आठवडे घासलो. सहाव्या महिन्यात अठ्ठावन्न उचलले, तेव्हा मी पोरासारखा घरभर नाचलो.

ताई आली. दुसऱ्याच सकाळी बाथरूममध्ये स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ धप्प!

मी पोचलो तेव्हा आई फरशीवर बसली होती. मागून ताई. “सुतारकाकांना बोलावू का?”

“थांब.” मी आईकडे वळलो. “आई, कुठं दुखतंय?”

“कुठं नाही. नुसती घसरले. तू उचल.”

मी खाली बसलो. एक हात पाठीमागून, एक गुडघ्यांखालून. तिला छातीशी घेतलं, श्वास घेतला आणि अठ्ठावन्न किलोंना लागतो तेवढा सगळा जोर लावून उठलो.

जोर जास्त झाला. मी मागे कोलमडलो, माझी पाठ भिंतीवर आपटली. आई माझ्या हातांत होती.

“जमलं रे!” ताई ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, आता कुठं जायचं नाही हं तू.”

मी तसाच उभा राहिलो. पंचेचाळीस मला पाठ होते, तीन आठवडे मी ते उचलले होते. हे पंचेचाळीससुद्धा नव्हते. मी दर रविवारी वाळू मोजत आलो, आणि आईला काही एकदाही काट्यावर उभी केली नाही.

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले होते. तोंडभर हसत होती.

“ठेव आता खाली. जड झाले असेन ना रे?”

“हो, आई,” मी म्हणालो. “चांगलीच जड आहेस.”