वाचून कायम

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं असं समजू," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांच्या बशीकडे हात नेला.

एकतीस वर्षांत नोंदबाईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकले होते, की ते कानात शिरले की पेन आपोआप चालायचे. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' वाचायचे कोणीच नाही, कायम मात्र सगळे करायचे. शाळेच्या कचेरीतल्या या कारकूनबाईंना लहानथोर सगळेच नोंदबाई म्हणत, आणि शाळेची समिती म्हणजे काय चीज आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. अध्यक्षांना भाषणाची हौस. मुख्याध्यापिकांना शाळेच्या नावाची काळजी, म्हणजे स्वतःच्याच. बिल्डर सदस्यांची मान मोबाइलमधून वर यायची ती फक्त चहासाठी. आणि पालकांच्या प्रतिनिधी असलेल्या बाई दर सभेला नवी पर्स घेऊन यायच्या. चौघांत मिळून एक अक्कल, तीही बहुधा जुन्या पर्समध्ये राहिलेली.

आज दाराजवळ पाचवी खुर्ची होती. तिच्यावर एका विद्यार्थिनीचा बाप बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस कामाच्या निळ्या कपड्यांतच आला होता आणि हातातल्या टोपीची कड बोटांनी चाचपत होता. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब दूरच्या मुलखातून आले. मुलगी नववीत. तिचा रंग या शाळेतल्या कोणाहीपेक्षा काळा आणि केस बारीक कुरळे, एवढा तिचा गुन्हा. वर्गातल्या तिघांनी तिच्या नावाने इन्स्टावर अकाउंट उघडले आणि त्यावर रोज तिचा एक फोटो टाकायला सुरुवात केली. तिघांतली एक पर्सवाल्या बाईंची कन्या होती. मुलगी एकोणीस दिवस शाळेत आली नव्हती.

मागच्या सभेत बापाने सगळे प्रिंट काढून आणले होते आणि एकेक वाचून दाखवले होते. शिक्षा द्या, असे तो म्हणालाच नव्हता. त्याने एकच मागितले होते: "तिला काय काय म्हटलं, ते तुमच्या पुस्तकात लिहा. ती म्हणते, जिथं काही झालंच नाही म्हणतात, तिथं मी जाणार नाही."

त्यावर समितीने विषय पुढच्या सभेवर ढकलला होता. काल मुख्याध्यापिकांनी नोंदबाईंना केबिनमध्ये बोलावून चिठ्ठी दिली. 'विद्यार्थ्यांमधील किरकोळ गैरसमजावर चर्चा झाली', एवढे एकच वाक्य लिहायचे. पुस्तकाची प्रत शिक्षण खात्याकडे जाते, उगीच घाण कशाला दाखवायची? नोंदबाईंनी चिठ्ठी घेतली, तिच्यावर आवक क्रमांक टाकला आणि फायलीला लावली. बाई गप्प राहिल्या म्हणजे त्यांनी ऐकले, असा मॅडमचा समज झाला. एकतीस वर्षे सगळ्यांचा तोच समज होता.

"वाचावं लागेल, साहेब," नोंदबाई म्हणाल्या.

अध्यक्षांचे बिस्किट चहावरच थांबले. नोंदबाईंनी नियमाचे पान उघडून पुढे सरकवले. तक्रारदार हजर असेल तर इतिवृत्त शब्दन् शब्द वाचायचे. अकरा वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या कंत्राटदाराला कोंडीत पकडण्यासाठी अध्यक्षांनी स्वतःच हा नियम करून घेतला होता, खाली त्यांची लफ्फेदार सही होती. तो कंत्राटदार पळाला, टाकी अजून गळते, नियम तेवढा शाबूत राहिला.

नोंदबाई वाचू लागल्या. आवाज नेहमीचाच, फी भरण्याच्या तारखा वाचताना लागायचा तो.

"फोटो पहिला. मुलीचे डोके फरशी पुसायच्या मॉपला जोडले आहे. खाली मजकूर, 'आजपासून सफाई हिच्याकडे'. फोटो तिसरा. अंधाऱ्या वर्गाचा. मजकूर, 'दिवे लावा, कोणीतरी बसलंय'. फोटो सातवा. वर्गाचा सामूहिक फोटो, त्यातून मुलगी कापून काढली आहे. मजकूर, 'आता कसा उजळला'. या फोटोला लाइक दोनशे सात."

"मुलं आहेत हो," पर्सवाल्या बाई म्हणाल्या. "गंमत करतात, विसरतात."

"नववीत मुलं एकशे अठरा," नोंदबाई मान वर न करता म्हणाल्या. "लाइक दोनशे सात." आणि त्यांनी पान उलटले.

बाकीचे एकोणनव्वद कोण, हे कोणी विचारले नाही. बिल्डरांनी मोबाइल तेवढा टेबलावर पालथा घातला. मुख्याध्यापिका खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहत होत्या, जणू ते झाडच त्यांना उत्तर देणार होते. डोळ्यांवर कातडे ओढायची स्पर्धा ठेवली असती तर शाळेला पहिले बक्षीस नक्की होते. नोंदबाईंना या सगळ्यांची मनापासून किळस आली आणि खरे सांगायचे तर थोडी मजाही वाटली. पुस्तक आपल्या हातात आहे, अक्षर आपले आहे, आणि या खोलीत स्वच्छ हाताचे माणूस कोणी असेल तर आपणच.

बाराव्या फोटोनंतर मजकूर संपला. त्यांनी सहज दाराकडे पाहिले. बाप त्यांच्याकडे बघत होता. रागाने नव्हे. पुढचे वाक्य येईल म्हणून वाट बघावी, तसा.

पुढचे वाक्य होते. मागच्या सभेत ते त्याने अगदी शेवटी, टेबलाकडे बघत, हळूच म्हटले होते. नोंदबाईंच्या कच्च्या वहीत ते उतरलेही होते. पक्क्या पुस्तकात उतरवताना त्यांनी ते गाळले. विषयाला सोडून आहे, असे त्यांनी स्वतःला समजावले होते. मॅडमनी चिठ्ठीत तरी वेगळे काय केले होते?

पुस्तक मिटून टाकणे सोपे होते. अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढलेच होते.

"एक वाक्य राहिलंय," नोंदबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "राहिलं नाही. मी लिहिलं नाही." त्यांनी कच्ची वही काढली. आवाज तोच ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो ठेवता आला नाही. "तक्रारदार म्हणाले, 'मुलांना काय बोलणार? माझी मुलगी ओळखपत्र घ्यायला आली, तेव्हा तुमच्या खिडकीतल्या बाईंनी शिपायाला हाक मारली. अरे, ती काळी आलीय, तिची फाइल काढ.'" त्यांनी वही खाली ठेवली. "खिडकीतली बाई म्हणजे मी. एकदा नाही, तीन वर्षं मी तसंच म्हणत आले. तिचं नाव लांब आहे म्हणून."

त्यांनी ते वाक्य समासात लिहिले आणि बाजूला दोन अक्षरांची बारीक सही केली.

खोलीत हायसे वाटल्याचा आवाज झाला. सापडले एकदाचे कोणीतरी! मुख्याध्यापिकांनी झाडावरची नजर काढली. पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "बघा, मोठीच माणसं अशी वागली, तर मुलं तेच शिकणार ना?" अध्यक्षांना भाषण सुचले. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या, कारण एका बाईच्या गळ्यात सगळे बांधून मोकळे होता येत असेल तर सहीला काय लागते? इतिवृत्त कायम झाले. मग दोन ठराव झाले. तिन्ही विद्यार्थ्यांना तोंडी समज. कारकूनबाईंच्या गैरवर्तनाची गंभीर दखल, आणि उद्यापासून त्यांची जागा खिडकीऐवजी जुन्या कागदांच्या खोलीत.

"लिहा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

नोंदबाईंनी लिहिले. स्वतःविरुद्धचा ठरावही त्याच वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. आणि तक्रारदार हजर होता म्हणून वाचूनही दाखवला.

चहा संपल्यावर सगळे गेले. बाप कचेरीच्या खिडकीशी थांबला होता. नोंदबाईंनी पानांच्या झेरॉक्स काढल्या, शिक्के मारले आणि आतून सरकवल्या. तो उभ्याउभ्या वाचू लागला. काळ्या ग्रीसने माखलेले बोट एकेका ओळीखालून फिरत होते. मुलीचे लांबलचक नाव पहिल्याच ओळीत पुरते लिहिलेले होते, तिथे ते थांबले, मग पुढे गेले. शेवटी समासापाशी आले.

"ही कोणाची सही?" त्याने विचारले.

"माझी."

"दोनच अक्षरं आहेत. तिला कसं कळणार कोणाची ते?"

नोंदबाईंनी कागद परत आत घेतला. नोंदबाई या हाकेपलीकडे या इमारतीत त्यांचे नाव कोणी कधी विचारले नव्हते. त्यांनी आपले नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, सगळे सुटे सुटे आणि वाचता येईल असे लिहिले.

शाई ओली होती. बाप तो कागद हातात धरून ती वाळेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला, मग त्याची घडी घालून ती खिशात ठेवली आणि खिशाचे बटण लावले.