श्वास सोडून दिलेलं माप

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही एका शिंप्याच्या दुकानात स्टुलावर बसला आहात. दुकान एवढंसं, की कापायच्या टेबलाला वळसा घालायचा तर माणसाने तिरकंच व्हावं. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला गरम इस्त्री (तिला हात लावू नका), पायाखाली रंगीबेरंगी चिंध्या. समोर एक गृहस्थ आरशापुढे उभे आहेत. शिंपी टेप घेऊन जवळ येतो आणि नेमके त्याच क्षणी ते पोट आत ओढतात, छाती फुगवतात. आता समजा, शिंपी तुम्हीच आहात. घ्याल ते माप?

टाचणीचे बाबा घेत नसत. टेप खांद्यावर टाकत, हाताची घडी घालत आणि म्हणत, "श्वास सोडा. फुगवलेल्या छातीचं माप मी घेत नाही. दिवसभर असे फुगून थोडेच राहणार आहात?" गिऱ्हाईक ओशाळं हसे, श्वास सोडे, मग टेप फिरे. म्हणूनच त्यांच्या हातचा कोट जणू अंगाबरोबर वाढल्यासारखा बसे.

टाचणी ही त्यांची मुलगी. अंगाने काडी, बोलणं टोचणारं, आणि दिसेनाशी झाली की सगळं घर शोधायला लागे, म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. हात शिलाईवर चालत असला तरी तिचा डोळा रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानावर असे. तिथल्या औषधवाल्या बाई नुसती पुडी पुढे सरकवत नसत. प्रत्येकाला विचारत, "आता मला सांगा, ही गोळी कधी घ्यायची?" माणूस चुकला की पुन्हा समजावत, मागे रांग कितीही कुरकुरली तरी.

एकदा बाबांनीही तिथे "हो हो, कळलं" म्हणून मान डोलावली होती. बाईंनी पुडी त्यांच्या हातातून परत काढून घेतली. "मास्तर, काय कळलं ते सांगा." बाबांना सांगता येईना. झोपताना घ्यायची गोळी ते सकाळी घेणार होते, म्हणजे दिवसभर मशीनवर डुलक्या आणि सुईखाली बोट! त्या दिवशी टाचणीने ठरवून टाकलं, मी फार्मसी शिकणार आणि लोकांना असंच विचारणार.

ठरवायला फी पडत नाही. शिकायला पडते.

आता हे नीट समजून घ्या, पुढेमागे तुमच्याही उपयोगी पडेल. शिक्षणाला मदत दोन दारांनी येते. एका दारात विचारतात, तुझे गुण किती? दुसऱ्या दारात विचारतात, तुझ्या घराला किती कमी पडतं? टाचणीने वर्षभर मान मोडून अभ्यास केला आणि पहिलं दार ढकलून उघडलं. शिष्यवृत्ती मिळाली, पण तिच्यात निम्मीच फी भागत होती.

"हा तर एका बाहीचा कोट झाला," आई काजं करता करता म्हणाली. "दुसरी बाही आणायची कुठून?"

"दुसऱ्या दारातून," औषधवाल्या बाईंनी सांगितलं. "मी तशीच शिकले. कॉलेजातच मदतीच्या अर्जांची खिडकी आहे. पालकांनी स्वतः जायचं, घरचं उत्पन्न सांगायचं, सही करायची, की झालं."

की झालं! बाबांनी जन्मात कधी शेजाऱ्याची छत्रीसुद्धा मागून आणली नव्हती, त्यापेक्षा भिजत घरी येत. तरी लेकीसाठी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, तिला बरोबर घेऊन गेले. रांग सरकली, त्यांचा नंबर आला आणि मागून आवाज आला, "काय मास्तर, तुम्ही इथे?"

शेजारच्या चपलांच्या दुकानाचे मालक उभे होते. त्यांना सगळे बूटवालेच म्हणत. त्यांची आणि बाबांची जुनी चुरस. यांनी पाटी रंगवली, की त्यांनी पाटीवर दिवे लावलेच.

"सहज आलो होतो," बाबा म्हणाले. "तुम्ही?"

"मीही सहजच. पुतण्याची काहीतरी चौकशी."

"महिन्याचं उत्पन्न?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

बाबांनी एकदा मागे पाहिलं. मग छाती पुढे काढून त्यांनी खणखणीत आवाजात एक आकडा सांगितला. टाचणीला वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघडलंय. तो आकडा खरा असता तर त्यांच्या घराला वर आणखी एक मजला असता! पण चारचौघांत बापाला खोटं कसं पाडायचं? ती ओठ चावत राहिली, आणि बाबांनी झोकात सही ठोकली.

उत्तर यायला वेळ लागला नाही. उत्पन्न मर्यादेबाहेर आहे, सबब मदत देता येत नाही. 

"घ्या!" आई म्हणाली. "आता त्या उत्पन्नातूनच भरा फी."

"मग काय त्या बूटवाल्यादेखत सांगू, की माझी ओढाताण होते म्हणून? मी काही भीक मागायला गेलो नव्हतो."

"मग कशाला गेला होतात, हवा खायला?"

"पुढच्या वर्षी बघू," बाबा पुटपुटले. "तोवर साठवू थोडे."

पण टाचणीला माहीत होतं, पुढचं वर्ष नव्हतंच. गुणांची शिष्यवृत्ती यंदा वापरली नाही तर ती यादीतल्या पुढच्या मुलीकडे जाणार होती. एक बाही होती, तीही गेली असती. ती तडक रस्ता ओलांडून औषधवाल्या बाईंकडे गेली.

"दुरुस्ती करता येते," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी खिडकी बंद होईपर्यंत. पण ज्याने आकडा सांगितला, त्यानेच येऊन बदलायला हवा. तू जाऊन चालणार नाही."

"ते यायचे नाहीत, बाई."

"अगं, लाजेपोटी लोक माझ्याशीही खोटं बोलतात. मी काय करते?"

"पुन्हा विचारता."

"मग?"

टाचणी दुकानात परतली तेव्हा एक गिऱ्हाईक माप देत होतं. ती टोचायला अगदी तयार होती, पण परक्या माणसासमोर नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिने एक अख्खी हातशिलाई पुरी केली. मग म्हणाली, "बाबा, फुगवलेल्या छातीचं माप घेतलं तर काय होतं?"

"कोट ढगळ होतो, खांद्यावरून ओघळतो. हे काय आज विचारतेस?"

"मग त्या दिवशी खिडकीवर तुम्ही कुठलं माप दिलंत?"

कैची कापडातच थांबली.

"तुमचं खरं माप दिलं असतंत, तर तो कोट मला बसला असता," टाचणी म्हणाली. "आणि ती भीक नाही, बाबा. औषधवाल्या बाई त्याच मदतीवर शिकल्या. त्या शिकल्या नसत्या तर त्या दिवशी तुमच्या हातातली पुडी कुणी काढून घेतली असती?"

बाबांनी खडूने एक रेघ मारली. ती वाकडी आली. त्यांनी ती अंगठ्याने पुसली, पुन्हा मारली, आणि कापडाकडे बघतच म्हणाले, "शुक्रवारी सकाळी दुकान उशिरा उघडू."

शुक्रवारी रांग आणखी लांब होती. खिडकीशी पोचल्यावर बाबा हळूच काहीतरी बोलले.

"मोठ्याने सांगा, काचेतून ऐकू येत नाही," आतल्या बाई म्हणाल्या.

बाबांनी टाचणीकडे पाहिलं. तिने नुसता आपला श्वास सावकाश सोडला, खांदे खाली येईपर्यंत. बाबांनीही सोडला. मग त्यांनी आपली खरी कमाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी सांगितली.

"मागच्या वेळी वेगळीच सांगितली होतीत?"

"तेव्हा छाती फुगवली होती, बाई. हे खरं माप."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. खिडकीतल्या बाई हसल्या नाहीत. असल्या छात्या त्यांच्यापुढे रोजच येत असाव्यात. त्यांनी दुकानाचा हिशेब मागून घेतला, वरून खालपर्यंत पाहिला, आत जाऊन साहेबांची सही आणली आणि शिक्का मारला. "मदत मंजूर. पण दरवर्षी गुण टिकवावे लागतील. आणि कॉलेजच्या औषधालयात आठवड्याला थोडे तास काम."

"गुण टिकवायचे आणि औषधालयात काम करायचं," टाचणीने न विचारताच म्हणून दाखवलं.

दुपारी दुकान उघडतं न उघडतं तोच बूटवाले भाचीच्या लग्नासाठी टाकलेल्या कोटाची ट्रायल द्यायला हजर. आरशापुढे उभे राहिले आणि सवयीने फुगले. कोटाचं बटण ताणलं गेलं. बाबांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"काय मास्तर, आज सकाळी कुलूप? पुन्हा त्या खिडकीवर गेला होतात म्हणे, सहज!"

बाबांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. टाचणीचा जीव टांगणीला लागला.

"सहज नव्हतो गेलो," बाबा म्हणाले. "मुलीच्या फीला पैसे कमी पडत होते. तसं सांगितलं. मदत मंजूर झाली."

आरशात बूटवाल्यांची छाती हळूहळू खाली आली. कोटाचं बटण सैल झालं आणि कोट कसा छान बसला. 

"तुमचीही..." ते म्हणाले, आणि अडखळले. "मला वाटायचं, तुमचं बरं चाललंय."

"मला तुमचं तसंच वाटायचं."

"त्या दिवशी मी पुतण्याचं म्हणालो. पुतण्या नाही, मास्तर. माझ्याच मुलाची फी. तुम्हाला पाहिलं आणि रांगेतूनच मागे फिरलो." त्यांनी घसा खाकरला. "खिडकी... कितीपर्यंत असते?"

टाचणी स्टुलावरून उठली. तिने त्यांच्या बाहीतल्या टाचण्या काढल्या, अर्धवट शिवलेला कोट अलगद खांद्यावरून उतरवून खुंटीला लावला आणि दारातल्या चपला पायांत सरकवल्या.

"चला काका, संध्याकाळपर्यंत उघडी आहे. दुकानाचा हिशेब बरोबर घ्या, मी येते रांगेत," ती म्हणाली. मग उंबऱ्यातच त्यांची वाट अडवून उभी राहिली. "पण आधी मला सांगा, तिथे गेल्यावर काय सांगायचं?"