नांदवेळची भरतीरेषा

"किती झालं, भावजी?"

ठमाबाईने सकाळपासून अकराव्यांदा विचारले आणि काळूरामने अकराव्यांदा धक्क्याच्या खांबावरची पट्टी पाहून, मगच उत्तर दिले.

"तीन मीटर बेचाळीस."

"म्हंजे धोंड्यापतूर पोचल का न्हाय?"

"पट्टी पान्याचं सांगते, वयनी. धोंड्याचं एक वाजून धा मिनिटांनी इचारा."

"बगा! सख्खा दीर, पन एक गोड शबुद तोंडातनं निघल तर शपथ!" ठमाबाईने मागे वळून सांगितले आणि धक्क्यावरच्या बायका खदाखदा हसल्या.

नांदवेळ बंदरात काळूराम एकतीस वर्षे भरती-ओहोटी मोजत होता. पाणी स्थिर कधीच नसते. म्हणून दहा लाटांची वरची टोके पाहायची, दहा लाटांची खालची टोके पाहायची आणि मधला आकडा लिहायचा, ही त्याची पद्धत. दर्या कोपला, चंद्र जवळ आला, वारा फिरला अशी कारणे लोक त्याला हौसेने पुरवीत. त्याच्या नोंदवहीत कारणांना रकाना नव्हता.

आज मात्र त्याच्या आकड्यासाठी सारे गाव लोटले होते. भाद्रपदी अमावास्येचे उधाण, वर्षातले मोठे पाणी. सर्वेक्षण पथक आले होते आणि समुद्र नेमका कुठे संपतो हे आज ठरणार होते. खाडीच्या तोंडाशी बायकांचे जवळा सुकवण्याचे खळे होते. खळ्याच्या वरच्या कडेला हद्दीचा धोंडा. पाणी धोंड्याला लागले तर खळे समुद्राचे, म्हणजे तिथे बांधकाम नाही. न लागले तर मुंबईच्या एका कंपनीचे बावीस बंगले.

गेल्या पाच वर्षांत गावाने बरेच काही सोडून दिले होते. बर्फाच्या कारखान्यात कॉफी मिळू लागली होती. मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये श्रीवर्धन-हरिहरेश्वर करणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहत. जवळ्याच्या वासाने पाहुण्यांना त्रास होतो, अशी लेखी तक्रार ग्रामपंचायतीत आली होती. ती लिहिणारा समुद्रकिनारा पाहायला आला होता. खळे तेवढे उरले होते. ठमाबाई धरून तेवीस बायकांची चूल त्यावर पेटत होती.

साडेबारापर्यंत धक्क्याला जत्रेचे रूप आले. वडापावची गाडी लागली. वर ड्रोन घोंगावू लागला. सरपंच प्रज्योत पांढऱ्या गाडीतून उतरला आणि दोन्ही बाजूंना सारखाच नमस्कार करून मधोमध उभा राहिला.

"तीन मीटर अडुसष्ट!" काळूराम ओरडला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला टाळ्या पडल्या.

पाणी खळ्यात शिरले. बायकांनी आरोळी ठोकली. पांढऱ्या फेसाची कड एक पाऊल पुढे सरके, अर्धे मागे येई, पुन्हा सरके. पथकाची प्रमुख मृणाल उपकरणाची काठी घेऊन धोंड्यापाशी ओणवी झाली होती. पुण्याची, तिशीतली, बोलायला मोजकी.

"ये गो बाय, ये, लाजू नको!" ठमाबाई पाण्याला हाका मारत होती.

"आजी, पाण्याला आमिष दाखवू नका," प्रज्योत म्हणाला. "आचारसंहिता हाय."

हशा पिकला. तोही हसला. एक वाजून चार मिनिटे झाली. काळूरामचे स्वतःचे हृदय कधी नव्हे एवढे उडत होते आणि ही गोष्ट त्याला अशास्त्रीय वाटत होती. तीन मीटर एक्याऐंशी. त्र्याऐंशी. पुन्हा त्र्याऐंशी.

एक वाजून दहा मिनिटांनी पाणी धोंड्यापासून चार पावलांवर थांबले.

गर्दीचा आवाज बसला. त्याच क्षणी धक्क्याच्या मागून इंजिनाचा आवाज आला. सदू, ठमाबाईचा लेक, आपला ट्रॉलर पूर्ण वेगात किनाऱ्याला समांतर पळवीत होता. धक्क्याची भिंत मध्ये असल्याने खळ्यावरच्या कोणाला तो दिसला नाही. पट्टीपाशी उभ्या असलेल्या काळूरामला मात्र सुकाणूवरचा पुतण्या, त्याचे आवळलेले दात आणि मागे उघडत जाणारी पाण्याची दुहेरी शेपटी, सारे स्वच्छ दिसले.

लाट खळ्यावर चढली, चारही पावले ओलांडून धोंड्यावर फुटली आणि मृणालच्या बुटांत शिरली.

मग जे झाले ते गोविंदापेक्षा कमी नव्हते. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. कोणीतरी ढोल वाजवला. ठमाबाई ओल्या धोंड्याला मिठी मारून रडत-हसत होती. प्रज्योतच्या चेहऱ्यावरचा नमस्कार पहिल्यांदाच ढळला.

मृणालने बूट काढला, पाणी ओतले आणि धक्क्याकडे पाहिले. पंचनाम्यावर सही पट्टी वाचणाऱ्याची लागणार होती.

"काळूरामदादा, हे पाणी होतं की लाट?"

ढोल थांबला. ठमाबाईने मान वर केली. दीर काय म्हणेल याची तिला शंकाच नसावी.

काळूरामने पट्टीकडे पाहिले. त्र्याऐंशी.

"लाट," तो म्हणाला. "होडीची."

"काळू!" ठमाबाईने त्याला भावजी म्हटले नाही.

"पानी चार पावलं मागं हाय, वयनी. लिव्हा म्याडम, तीन मीटर त्र्याऐंशी." आणि आकडा उच्चारताच तो स्वतःच थबकला. हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी याच अमावास्येला त्र्याऐंशीच होते. आणि त्या दिवशी धोंडा घोट्याइतका पाण्यात होता. दुसऱ्या दिवशी बायकांनी सारे खळे नव्याने सारवले होते. पाणी तेवढेच आणि धोंडा कोरडा?

"म्याडम," तो धक्क्यावरून जवळजवळ धावतच खाली आला, "जमीन वर आलीय! पानी कमी न्हाय झालं. खना, हिथं खना!"

ठमाबाईला कळायला क्षण लागला. मग तिने कोणाची तरी कुदळ हिसकावली. चार घावांत लाल मुरूम संपला आणि खाली काळी, चिकट, जवळ्याच्या सालींनी भरलेली जुनी जमीन निघाली. काळूरामने खिशातली मोजपट्टी लावली. नऊ इंच.

"क्रिकेटचा मुरूम!" एक बाई ओरडली. "सरपंच चषकाचा!"

पुन्हा एकदा गर्दी उसळली. दोन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी प्रज्योतने अठरा डंपर मुरूम टाकून खळे सपाट केले होते. त्यानंतर खळ्यात पाणी फारसे शिरले नाही आणि दर्या दयाळू झाला, असे बायका म्हणत.

"पाणी रोज मोजलंत," मृणालने विचारले, "जमिनीची नोंद आहे?"

काळूरामने नकारार्थी मान हलवली. एकतीस वर्षे त्याने हलणारी वस्तू मोजली होती. जमीन जागच्या जागी आहे, हे गृहीत होते.

"भराव बेकायदा नाही, मॅडम," प्रज्योत शांतपणे म्हणाला आणि गाडीतून एक कागद मागवला. "ग्रामसभेचा ठराव. 'चिखलाचा त्रास होतो, सबब खळे उंच करून मिळावे.' अर्जदार महिला तेवीस. पहिला अंगठा ठमाबाईंचा."

ठमाबाईने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. त्या दिवशी बायकांनीच प्रज्योतला ओवाळले होते.

मृणालने खड्ड्याचे फोटो घेतले, नऊ इंचही लिहून घेतले. काळूरामने सही केली. मार्गशीर्षात अहवाल आला. भरतीरेषा धोंड्याच्या चार पावले खालून गेली होती. नऊ इंच तळटीपेत होते. आठवड्याभरात रेषेवर कंपनीच्या कुंपणाचे पत्रे उभे राहिले. सदूने काकाच्या घरचे पाणी तोडले. ठमाबाई बोलायची थांबली.

होळी झाली, जवळा पडू लागला आणि एका अष्टमीच्या सकाळी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन पत्र्यांच्या खालच्या वाळूवर उतरल्या. रेषेखालची जागा समुद्राची. ती कोणाला विकता येत नव्हती आणि तिथून कोणाला उठवताही येत नव्हते. वरच्या नमुना बंगल्याच्या गच्चीवरून कोणीतरी नाकाला रुमाल लावून पाहत होते.

ठमाबाई एकटी धक्क्यापाशी आली. काळूरामकडे न बघता म्हणाली, "सांजपतूर पानी कुठवर येल?"

"अष्टमी हाय. थोडंच येल."

"थोडंबिडं नको. दाखव."

तो खाली उतरला. वारा पाहिला, दहा लाटा मोजल्या, वाळूवरून चालत गेला आणि टाचेने एक लांब रेघ ओढली.

"हिथवर."

"नक्की?"

"नक्की."

ठमाबाईने डोक्यावरची टोपली उतरवली. मग ताडपत्री झटकून पसरली, तिची कड रेघेला अगदी चिकटवली, बोटभरही जागा न सोडता, आणि साऱ्या हंगामातला पहिला जवळा तिच्यावर ओतला.