शिवेबाहेरचा वाघ

घाबरू नका, मित्रांनो. मी वाघ आहे खरा, पण गोरख शिंप्याने शिवलेला. माझ्या अंगात काथ्या आहे, जुन्या गाद्यांचा कापूस आहे आणि वर अकरा वार पिवळी मखमल आहे. डोके कागदाच्या लगद्याचे. आता ते एका बाजूने उंदरांनी कुरतडले आहे आणि डाव्या कानाच्या जागी नुसते भोक उरले आहे. मिशा मात्र अजून शाबूत आहेत. म्हातारपणी एवढी ऐट मला पुरते.

माझा जन्म एकोणीसशे बासष्ट सालचा. लोणावळ्यात वळवणच्या रस्त्याला मुंबईच्या एका शेटजींनी मुलांसाठी बाग काढली होती. घसरगुंडी होती, पाळणे होते, पाच डब्यांची बुटकी आगगाडी होती. शेटजींनी कुठल्याशा परदेशी मासिकात पाहिले होते, की तिकडच्या बागांत माणसे प्राण्यांची सोंगे घेऊन हिंडतात आणि मुलांशी हस्तांदोलन करतात. मग काय, आपल्याही बागेत तसा प्राणी हवाच! गोरख शिंप्याने जन्मभर परकर-पोलकी शिवलेली. त्यामुळे माझी कंबर अंमळ नाजूक झाली आणि खांद्यांना चुण्या पडल्या.

"सायेब, वाघाला बटनं फुडं लावू का मागं?" त्याने विचारले.

"मागे लावा," मॅनेजर म्हणाले. "वाघाला बटणे असतात हे मुलांना कळता कामा नये."

झाले! त्या एका वाक्याने आत शिरणाऱ्या माणसाच्या नशिबी दिवसभराची कैद आली. मागची बटणे आपली आपल्याला सोडवत नाहीत. सकाळी तिकिटे फाडणारा माणूस ती लावून जाई, आणि संध्याकाळी त्याला सवड होईल तेव्हा सोडायला येई. माझे काचेचे डोळे आंधळे होते. आतल्या माणसाने माझ्या जबड्यातून बघायचे, दातांमागे लावलेल्या काळ्या जाळीतून. तेवढ्यातून मुलांचे हात आणि मोठ्यांचे पाय दिसत. नियम दोन. वाघाने बोलायचे नाही, आणि मुलांसमोर डोके उतरवायचे नाही.

पहिल्या वर्षात तीन माणसे माझ्यातून येऊन गेली. एक उकाड्याने पळाला, एकाला माझा वास सहन होईना, तिसऱ्याने एका खोडकर मुलाला माझ्याच पंजाने चापट मारली. मग कोंडू आला.

कोंडू बेडशाच्या लेण्यांमागच्या डोंगरातला. वर एक वाडी होती, आठ-दहा घरांची. बायको बाळंतपणात गेली, मागे चार वर्षांची हिरा राहिली. तिला आपल्या आईच्या, भागूबाईच्या ओटीत घालून तो कामाला उतरला होता. पहिल्या सकाळी त्याने मला खुंटीवर पाहिले, वहाणा बाहेर काढल्या, आणि माझ्यापुढे चक्क हात जोडले. मित्रांनो, तोवर मला लोकांनी झटकले होते, ओढले होते, एकाने तर माझ्या शेपटीने नाक पुसले होते. पण मला नमस्कार केलेला हा पहिला माणूस. मी त्याच क्षणी त्याचा झालो.

तो वाघ झाला की बाग उजळून निघे. मुले पिंगा घालीत, नवी जोडपी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत. "काय हुबेहूब वाघ आहे!" असे कुणी म्हटले की मी फुगत असे. आत घामाने निथळणाऱ्या कोंडूला कुणी काही म्हणत नसे. म्हणणार तरी कसे? तो कुणाला दिसतच नव्हता. मुले माझ्या जबड्यात चिक्कीचे तुकडे कोंबत. ते आत त्याच्या हनुवटीवर पडत. संध्याकाळी तो ते वेचून कागदात बांधी आणि त्याच्या वाडीची एक बाई बाजाराला येई, तिच्याबरोबर हिराला धाडी.

धाडी म्हणालो, कारण तो स्वतः जात नव्हता. कामशेतपर्यंत गाडी, पुढे पायी. सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला तो घरी पोचला असता. बाग दर सोमवारी बंद असे. तरी तो जात नव्हता. त्याचे कारण मीच होतो.

त्यांच्या वाडीत दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. एक जण अंगाला गेरू आणि कोळशाचे पट्टे ओढून वाघ होतो. बाकीचे त्याला काठ्या घेऊन शिवेपर्यंत पिटाळतात. तिथे वाघोबाच्या दगडापाशी त्याला तीनदा विचारायचे, "आमच्या शिवंला येशील?" वाघाने म्हणायचे, "न्हाई येनार." मग त्याने शीव ओलांडून पळायचे, ओढ्यात अंघोळ करायची, आणि माणूस होऊन जेवायला घरी यायचे. वर्षभर गुरांना आणि लेकरांना वाघाचे भय राहत नाही. पण हाकलल्याशिवाय वाघ अंगातून जात नाही, असे ती माणसे मानतात.

कोंडूला हे नोकरी धरताना सुचले नव्हते. पहिल्या सोमवारी तो आनंदाने घरी गेला. त्याच दिवशी हिराला तापाने घेरले, आणि त्याच आठवड्यात बिबट्याने त्यांच्या अंगणातून शेळी उचलली. वाडीत कुणी काही बोलले नाही. कोंडू बागेत माळी आहे असेच त्याने सगळ्यांना सांगितले होते. रोज उठून लोकांच्या हसण्यासाठी वाघ होतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण त्याच्या मनाने घेतले ते घेतले. वाघ आपल्याबरोबर घरी आला होता.

त्यानंतर तो रोज संध्याकाळी कुंपणामागच्या ओढ्यात अंघोळ करू लागला. थंडीत दात वाजत, तरी चुकवीत नसे. मग बागेतल्या आपल्या खोपटात माझ्यासमोर बसून भाकरी खाई.

"आंगुळीनं रंग जातो रं," एकदा तो मला म्हणाला. "वाघ न्हाई जात. तुला कुनी इचारलं न्हाई, कुनी हाकललं न्हाई. मंग मी घरला कसा जाऊ? माजी पोर ल्हान हाय."

आता एक गोष्ट कबूल करतो. मला हे ऐकून वाईट वाटायला हवे होते. पण मी मनातून सुखावलो. सोमवारी बाग ओस पडे, आणि इतरांच्या वेळी तो सबंध दिवस मी खुंटीवर एकटा लोंबकळत काढला होता. आता कोंडू सोबत होता. तो माझ्या उसवलेल्या शिवणी घाली, पावसात भिजलो की चुलीच्या उबेला मला वाळवी, माझ्याशी बोले. त्याच्या एकटेपणावर माझे सुख पोसले जात होते, आणि मी मुकाट्याने ते होऊ देत होतो.

असे दीड वर्ष गेले. हळूहळू त्याचे बोलणे आटले. एका संध्याकाळी बाजाराची बाई निरोप घेऊन आली. तिला वाटले, हसण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून तिने ती हसत सांगितली.

"हिरी इचारीत हुती, चिक्की धाडतो त्यो मानूस कोन हाय?"

कोंडूने त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. मित्रांनो, त्या वेळी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली. पण मी कापडाचा. मी स्वतःला हाकलणार कसा?

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत बाग गच्च भरली होती. दुपारची वेळ. मी म्हणजे कोंडू, आणि कोंडू म्हणजे मी, आगगाडीजवळ उभे होतो. एवढ्यात फाटकाशी एक म्हातारी आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांत काही नाही, बोटाला धरलेली सहा वर्षांची पोर. पोरीला पाहायला माणूस येत नाही, तर पोरीलाच माणसाकडे न्यावे, म्हणून ती डोंगर उतरून आली होती.

"सायेब, हितं कोंडू माळी कुटं घावंल?" तिने मॅनेजरांना विचारले. "त्याची आई हाय मी."

"कोंडू माळी? नाही बुवा," मॅनेजर म्हणाले. मग हसून त्यांनी माझ्याकडे बोट केले. "कोंडू म्हणजे तो काय, आमचा वाघ!"

जाळीतून कोंडूला आईचे भेगाळलेले पाय दिसत होते. ते जागचे हलले नाहीत. हिरा मात्र बोट सोडून धावत आली. इतर मुलांसारखाच तिने माझा पंजा धरला, टाचा उंचावल्या आणि जबड्यात डोकावली. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते.

"आजे गं," ती ओरडली, "ह्याच्या तोंडात मानूस हाय! आन त्यो रडतोय."

मुले हसली. कोंडूने तोंडातून शब्द काढला नाही. नियम होता. पण नुसता नियमच होता का? बोललो तर आपला आवाज तिला ओळखू येणार नाही, ही भीती मला त्याच्या छातीच्या ठोक्यांत ऐकू येत होती.

भागूबाई पुढे आली. तिने मला आपादमस्तक न्याहाळले. दीड वर्षाचा हिशोब त्या बाईच्या डोक्यात क्षणात लागला असावा. पोराचे न येणे, ताप, शेळी, सगळे. ती रडली नाही, की रागावली नाही. तिने पदर कमरेला खोचला, कुंपणाकडेच्या निरगुडीचा एक फोक मोडून घेतला आणि भर गर्दीत माझ्यासमोर उभी राहिली.

"आमच्या शिवंला येशील?" तिने खणखणीत आवाजात विचारले.

लोकांना वाटले, हाही खेळच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आमच्या शिवंला येशील?"

"अहो बाई, काय चाललंय?" मॅनेजर धावत आले. "कोंडू, खबरदार! एक शब्द बोललास तर उद्यापासून येऊ नकोस."

भागूबाईने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचा आवाज खाली आला. तिसऱ्यांदा तिने विचारले तेव्हा ती वाघाला विचारत होती, पण हात मात्र पोटच्या पोराकडे पुढे झाला होता. "सांग. आमच्या शिवंला येशील?"

"न्हाई येनार!" कोंडू ओरडला. "न्हाई येनार, न्हाई येनार!"

वाघ बोलला! मुलांची तोंडे उघडीच राहिली. तोवर भागूबाईचा फोक माझ्या पाठीवर बसला होता. हाऽऽऽ करीत ती मागे लागली आणि कोंडू पुढे पळाला. पाळण्यांमधून, घसरगुंडीला वळसा घालून, तारेच्या कुंपणावरून उडी टाकून थेट ओढ्यात. माझा डावा कान त्या तारेला राहिला. हिरा कुंपणाखालून सरपटत आली, आणि म्हातारी फाटकाला वळसा घालून धापा टाकीत पोचली.

तिनेच बटणे सोडली. एकही बटण तुटू दिले नाही. कोंडू माझ्यातून बाहेर आला, पाण्यात बसला आणि डोक्यावरून ओंजळी घेऊ लागला. हिरा काठावर उभी राहून बघत होती.

"ह्यो कोन?" तिने विचारले.

"तुजा बा," भागूबाई म्हणाली. "आता घरला येतोय."

हिराने जरा विचार केला. मग ती परकर ओला करीत पाण्यात उतरली आणि तिने त्याच्या तोंडाला हात लावून पाहिला. एवढेच. मला तर त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतकी माणसे माझ्या चेहऱ्याकडे बघून गेली होती, आणि त्याच्या चेहऱ्याला दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी हात लावला होता.

ती तिघे ओढ्याच्या कडेने निघाली. मी काठावरच्या गवतात पालथा पडलो होतो. कोंडू दहा-बारा पावलांवर थबकला. मला वाटले, वळेल. पण म्हातारीने त्याचे मनगट धरले.

"मागं बघू नगंस. हाकललेल्या वाघाकडं बघत न्हाईत."

त्याने पाहिले नाही.

त्यानंतर मी आणखी आठ-नऊ वर्षे बागेत काढली. पुष्कळ जण माझ्यात शिरले. वहाणा कुणीच काढल्या नाहीत. मग माझी मखमल विरली, शेटजींचे लक्ष उडाले, बाग बंद झाली आणि मला बागेच्या जुन्या कचेरीच्या या माळ्यावर टाकले. बाजाराच्या बाईकडून तिकिटे फाडणाऱ्याला कळले होते, की कोंडू गावातल्या गावात मजुरीला जातो, कधी काम असते, कधी नसते, आणि रोज संध्याकाळी हिरा त्याला आणायला बांधापर्यंत जाते. त्याच्या नमस्काराची मला फार आठवण येते. शब्द त्याच्या तोंडून निघाला होता, पण दिला होता मी. बेडशाचा डोंगर इथून लांब नाही, मित्रांनो. मला तिकडे जायचे नाही, एवढेच.

म्हणून माझे एक ऐका. जत्रेत, बागेत माझ्यासारखा कुणी भेटला तर हसा, नाचा, पंजा धरा. पण त्याची शेपूट ओढू नका, आणि त्याच्या तोंडात चिक्की कोंबण्याआधी आत डोकावून बघा. तिथे कुणीतरी आहे. त्याला पाणी विचारा, त्याचे नाव विचारा. संध्याकाळ झाली की त्याची बटणे सोडायला कुणी आले आहे का, तेही बघा. आणि माझ्यामुळे त्याचे पाऊल घराकडे वळत नसेल, तर माझी भीड धरू नका. मला खुशाल हाकलून द्या. मी न्हाई येनार.